१९३० ची फोर्ड मॉडेल ए : गरम झाली की सेल्फ (स्टार्टर मोटर) ओढत नाही (बजेट ८ हजार)

सातारकर३०
काकांची गाडी. ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला जोडलेला). गार असताना लगेच निघते. फिरवून आणून बंद केली की पायाचं बटण दाबल्यावर इंजिन जेमतेम एक कॉम्प्रेशन ओलांडतं आणि बसतं. बॅटरी नवी, चासी नुकतीच रंगवलीय. आठ हजारांवर जायचं नाही.

घाटवाट
सरळ १२ व्होल्ट करून टाका. माझे अल्टरनेटरसकट पस्तीस हजार गेले, पण कटकट संपली.

जुनंतेसोनं
अजिबात करू नका. १२ व्होल्टवर सहाचा सेल्फ असा झटका मारतो की बेंडिक्सची (सेल्फचं दातचाक इंजिनात अडकवणारा भाग) स्प्रिंग तुटते. मित्राची तुटलीय.

घाटवाट
माझी शाबूत आहे.

वायरमनदादा
भांडण नंतर. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर धरा (लगवर म्हणजे केबलच्या टोकावर नाही, खांबावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. मग निगेटिव्ह खांब ते सेल्फच्या स्विचचा बोल्ट. पाव व्होल्टाच्या वर गेलं तर दोष तिथे. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, आजच्या छोट्या गाडीची केबल पुरत नाही.

गॅरेजवाला_पुणे
अर्थ बघा, म्हणजे बॅटरीतून चासीला जाणारी पट्टी. आणि सगळं वायरिंग नवीन करा, कापडी वायरी उंदीर खातात. या गाडीला कंपनीचा फ्यूजसुद्धा नव्हता.

वायरमनदादा
वायरिंगचा इथे काय संबंध? सेल्फची केबल बॅटरीतून थेट जाते. फ्यूज मात्र बसवाच.

काळीपिवळी
स्टिअरिंगखालचा डावा दांडा पूर्ण वर असतो ना? स्पार्क पुढे राहिला (ठिणगी वेळेआधी पडली) तर इंजिन उलटं ढकलतं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, नाहीतर हात मोडतो.

गॅरेजवाला_पुणे
अर्थच असणार, मी आधीच म्हटलं.

सातारकर३०
दांडा वरच असतो. केबलवर ०.१ आलं, अर्थवर ०.९! पट्टीखाली चकचकीत रंगाचा थर. लोखंड दिसेपर्यंत खरवडून पट्टी आवळली, आता ०.१५. गरम इंजिन फिरतंय, जरा जड. तरी सेल्फ उतरवून रिवाइंडिंगला (आतल्या तारा नव्याने गुंडाळायला) देतोय. गणपतीत गावी न्यायचीय, वाटेत अडकायचं नाही.

वायरमनदादा
अहो, रिवाइंडिंग कशाला? कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) आणि बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) बघा. बुश झिजला की आर्मेचर (फिरणारा भाग) आत घासतं, सेल्फ जड होतो. कमी पैशात काम होईल.

सातारकर३०
बुश बदलायला सांगतो, पण रिवाइंडिंगही होऊ दे. सेल्फ सकाळीच देऊन आलो.