प्रोजेक्ट संपला, आता प्रवाळ जपायला पैसा कुठून आणायचा?

देवबागकर:
मालवणात किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे सगळ्यांना माहीतच असेल. आम्ही काही स्कुबावाले नि मच्छीमार मिळून खडकांत अडकलेली जाळी काढतो, प्लास्टिक काढतो. होडीचं डिझेल नि डायव्हिंगचे हवेचे टँक भरायचा खर्च एका प्रोजेक्टमधून निघायचा, तो संपला नि काम ठप्प. दरवेळी कुणापुढे हात पसरायचे? कायमची सोय कशी करायची?

निळाई:
बोनेअरचं बघा, कॅरिबियनमधलं छोटं बेट. तिथे १९७९ ला मरीन पार्क झालं, सुरुवातीचं अनुदान संपल्यावर पार्क नुसतं कागदावर उरलं, अगदी तुमच्यासारखंच. मग १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला लागले, पैसे भरले की बिल्ला मिळायचा. आणि तो पैसा सरकारी तिजोरीत न जाता थेट पार्क चालवणाऱ्या संस्थेकडे जातो, माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. नांगर न टाकता होडी बांधता यावी म्हणून पक्के बोये (तरंगते गोळे) टाकले, प्रवाळावर नांगर टाकायला बंदी. तुमच्याकडे पहिला खर्च बोयांवरच करा, एक नांगर पडला की कित्येक वर्षांची वाढ मोडते.

रापणकर:
फी घ्या पण नुसत्या स्कुबावाल्यांची कमिटी नको. फिलिपिन्सच्या आपो बेटावर १९८२ च्या सुमारास मच्छीमारांनीच आपला एक तुकडा मासेमारीला बंद केला, तिथल्या सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ आंजेल अल्काला सोबत होते. मासे वाढले, पर्यटक आले, फी सुरू झाली. पुढे बेट संरक्षित क्षेत्रांच्या राष्ट्रीय कायद्याखाली आलं, फीतला २५ टक्के वाटा केंद्राच्या फंडात आणि बेटाचे ७५ टक्के पण वरून फिरून यायचे, त्याला उशीर व्हायचा. म्हणून सांगतो, वनखात्याशी बोलतानाच खातं कुणाच्या नावावर आणि सही कुणाची हे लेखी घ्या. पैसे खंय जातत ता गावाक दिसाक व्हया.

वेंगुर्लेकरीण:
आमच्याकडे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, स्वतः वल्हवतात. सुरुवातीला प्रोजेक्टची मदत होती, पण पर्यटकांच्या तिकिटाचे पैसे थेट गटाकडे येतात. एक मात्र, पावसाळ्यात तुमचं डायव्हिंग बंद, तेव्हा सीझनमध्येच थोडे बाजूला टाकायला लागतील.

देवबागकर:
बोयांचं पटलं. रविवारी सोसायटीत विषय काढतो, रापणवाल्यांनापण (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) बोलावतो.