डोंगरउतारावरचे बंगले, शनिवार-रविवारची गर्दी आणि वणवा : पावसाळा संपल्यावर आधी काय करायचं?

उतारावरचे_सचिव
पवना धरणाच्या परिसरात डोंगराच्या उतारावर ३७ बंगले आहेत. निम्म्याहून जास्त शनिवार-रविवारी भाड्याने जातात, बाकीचे एरवी बंदच. वरच्या अंगाला वनखात्याची हद्द, खाली गावकऱ्यांची गवताची रानं आणि भातखाचरं. रस्ता एकच, साडेतीन मीटरचा. मार्च-एप्रिलमध्ये वणवा बहुतेक वेळा खालूनच चढतो. संस्थेच्या सभेत तीन सूचना आल्या : प्रत्येक बंगल्यात अग्निशामक सिलिंडर, कुंपणाबाहेर सगळीकडे जेसीबीने १० मीटरचा पट्टा खरवडणं आणि शेकोटीवर पूर्ण बंदी. पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

कुसळीचं_रान
जेसीबी आधी रद्द करा. उतारावर माती उघडी पडली की पहिल्याच पावसात ओघळ पडतात आणि पुढच्या वर्षी तिथे घाणेरी माजते, म्हणजे गवतापेक्षा वाईट जळण. मुळं जमिनीत राहू द्या, गवत बुडापासून ५-७ सेंटिमीटरवर कापा. उघडी माती फक्त भिंतीलगतच्या दीड मीटरात चालेल, तिथे खडी किंवा मुरूम टाका.

पट्टा चारी बाजूंना सारखा ठेवण्यातही अर्थ नाही. आग चढावर धावते. उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवून तापवत असतात. म्हणून कापायचा पट्टा खालच्या अंगाला १२ मीटर, बाजूंना ६ मीटर आणि वर ५-६ मीटर, असा धरा. वरून येणारी आग सावकाश उतरते, पण जळते ओंडके आणि शेण्या गडगडत खाली येतात. तिथे पट्ट्याच्या खालच्या कडेला हातभर रुंद, वीतभर खोल चर आडवा मारा, त्यात त्या अडकतात. वरचा पट्टा वनहद्दीत जात असेल तर तुमच्या बीटच्या (वनखात्याच्या त्या भागाच्या) वनरक्षकाला विचारल्याशिवाय विळाही लावू नका.

आता वेळ. पहिली कापणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा गवतात ओल असते, गावकरी वैरण म्हणून स्वतः कापून नेतात, मजुरी वाचते. कुसळ धरलं की गुरं तोंड लावत नाहीत आणि जानेवारीत ते फुकटसुद्धा कोणी उचलत नाही. अवकाळी पाऊस झाला तर फुटवा येतो, म्हणून जानेवारीअखेर दुसरा हात फिरवा. कापलेलं गवत जागेवर पडून राहिलं तर ती जाळरेषा (आग अडवणारा पट्टा) नव्हे, आगीसाठी अंथरलेली सतरंजी आहे. सगळ्यात जास्त पट्टे इथेच फसतात.

दुसरा हात ब्रशकटरने (गवत कापायच्या यंत्राने) मारणार असाल तर नायलॉन दोरीचं डोकं लावा. लोखंडी पातं आपल्या काळ्या दगडावर घासलं की ठिणगी पडते आणि वणवा थांबवायला गेलेला माणूसच वणवा लावून बसतो. दोरीने कारवीची दांडकी तुटणार नाहीत, त्यांना कोयता. काम सकाळी दहाच्या आत, पाठीवर पाण्याचा पंप घेतलेला दुसरा माणूस सोबत.

पन्हाळ_पाचोळा
वरच्या उत्तरात पट्ट्याचं सगळं आलं, पण घर पेटतं ते बहुधा ज्वाळेने नाही, उडत्या निखाऱ्यांनी. पट्टा १२ मीटरचा असला तरी निखारा वाऱ्यावर सहज पलीकडे जातो. त्याला कुठे बसायला जागा मिळते ते शोधा.

पहिली जागा पन्हाळ. कौलांवरचा पाचोळा तिथे साचतो आणि प्लॅस्टिकची पन्हाळ असेल तर वितळून जळती खाली गळते. जानेवारी ते मे दर पंधरवड्याला साफ. दुसरी जागा मंगलोरी कौलांच्या फटी आणि छपराच्या उताराखालचे झरोके : तिथे ३ मिलिमीटर भोकांची पोलादी जाळी बसवा, डासांची नायलॉन जाळी क्षणात वितळते. तिसरी, लाकडी डेकखालची पोकळी, जिथे हमखास जुन्या खुर्च्या, झाडू आणि पाचोळा असतो. आणि चौथी, पावसाळ्यात व्हरांड्याला बांधलेली ताडपत्री व हिरवी शेडनेट, जी उन्हाळ्यातही तशीच लोंबत असते. नोव्हेंबरात उतरवा. झावळ्यांचे आणि गवताचे शाकारलेले मांडव भिंतीपासून १० मीटर लांब हवेत. फोटोला छान दिसतात म्हणून मालक ऐकणार नाहीत, तरी सभेत मांडाच.

सिलिंडरबद्दल : ६ किलोचा पावडरचा सिलिंडर १५-२० सेकंदांत रिकामा होतो. स्वयंपाकघरासाठी उत्तम, गवतापुढे शून्य. प्रत्येक बंगल्याला एक पुरे.

उतारावरचे_सचिव
धन्यवाद. शेकोटीचा प्रश्न उरतो. मालक म्हणतात, बंदी घातली तर बुकिंग पडतं, आणि पाहुणे रात्री कुंपणापलीकडे जाऊन पेटवतात. पाण्याची टाकी ५,००० लिटरची आहे, बंगल्यांच्या वर साधारण २० मीटर. ती बागेला वापरली जाते.

धग_आणि_राख
चोरून पेटवलेल्या शेकोटीपेक्षा बांधलेली शेकोटी बरी, हे मान्य. पूर्ण वस्तीत दोनच जागा ठेवा : मीटरभर व्यासाचा, फूटभर खोल सिमेंटचा खड्डा, भोवती ३ मीटर उघडी जमीन, वर फांदी नाही. जाड लाकूडच जाळायचं. कारवी, झावळ्या, पुठ्ठा यांचे जळते तुकडे वर उडतात. झाडांची पानं सतत हलत असतील त्या दिवशी पेटवायचं नाही, हा निर्णय चौकीदाराचा, पाहुण्याचा नव्हे. मार्च ते मे शेकोटी बंदच ठेवा. विझवताना पाणी ओतून काठीने ढवळा, पुन्हा ओता, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना ते पाहा.

पण खरी चोर वाट शेकोटी नाहीच, बार्बेक्यूची राख आहे. वरून पांढरी, आत लाल. सकाळी आवराआवर करणारा मुलगा ती कुंपणापलीकडे फेकतो आणि दुपारी वारा सुटला की गवत धरतं. झाकणाचं लोखंडी पिंप ठेवा, राख त्यात दोन दिवस राहू द्या.

टाकी : बागेची जोडणी मध्यावर घ्या, तळाची तोटी फक्त आगीसाठी. मग माळी कितीही पाणी घालो, २,५०० लिटर कायम शिल्लक. २० मीटर उंचीमुळे साधारण २ बार दाब विजेशिवाय मिळतो. आगीत वीज आधी जाते, म्हणून हे महत्त्वाचं. मिनिटाला १०० लिटर गेलं तर पाणी २५ मिनिटं पुरतं, तेव्हा ते वणव्यावर उधळू नका, घराच्या कडेला पेटलेलं विझवायला राखा.

तुमची सगळ्यात कच्ची बाजू मात्र रस्ता आहे. शनिवारी रात्री एका कडेला गाड्या लागल्या की साडेतीन मीटरमधून बंब वर येणारच नाही. गाड्या तळाच्या मोकळ्या जागेत, तेही गवत कापलेल्या, कारण तापलेला सायलेन्सर वाळल्या गवताला लागला तरी पुरतं. आग लागली तर सगळ्यांनी एकदम गाड्या काढू नयेत, वळणावर दोन अडकल्या की संपलं. वाट मोकळी असेल तर चालत तळाला. नसेल तर जमायची एक उघडी, डांबरी किंवा मुरमाची जागा ठरवून पाटी लावा. डोंगराकडे वर कोणी पळायचं नाही, हे पाहुण्याला चावी देतानाच सांगा.

मावळ_वारा
दोन गोष्टी राहिल्या. एक, उन्हाळ्यात शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात. त्यांच्याशी भांडू नका, वेळ ठरवून घ्या : सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, दाढीभोवती (म्हणजे त्या वाफ्याभोवती) दोन मीटर झाडून. दुपारी पश्चिमेचा वारा सुटल्यावर भाजलेला राब हमखास हाताबाहेर जातो. संस्थेने दोन माणसं आणि पाठीवरचे १६ लिटरचे दोन पंप मदतीला दिले तर गाव ऐकतं.

दोन, वनहद्दीच्या कडेला स्वतः जाळून पट्टा काढू नका. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं, किंवा तिथे धोका होईल अशी आग पेटती सोडणं, गुन्हा आहे. जाळायचंच असेल तर वनरक्षक हजर हवा. वणवा दिसला तर १९२६ वर शिवाराचं नाव आणि जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर सांगा. खांबाचा तो नंबर प्रत्येक बंगल्याच्या दारामागे लिहून ठेवा, मुंबईहून आलेल्या माणसाला शिवार कळत नाही. विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे आणि कातडी बूट घालावेत. नायलॉनचा ट्रॅकसूट अंगाला चिकटतो.

उतारावरचे_सचिव
जेसीबी रद्द. वैरणीसाठी गावात २० ऑक्टोबरच्या आत निरोप देतो. टाकीची जोडणी बदलायला प्लंबरला उद्याच बोलावलंय.