आईचा ब्रेस्ट कॅन्सर, आता इकोत ईएफ ६० वरून ४८ वर आला, इंजेक्शन थांबवलंय, काय करावं?

तापीकाठ_चोपडा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. माय ५८ ची, चोपड्याजवळ गावात राहते, मी जळगावात नोकरीला. गेल्या पोळ्याच्या सुमारास तिच्या हाताला डाव्या ब्रेस्टमध्ये गाठ लागली पण दोन महिने कोणाला बोललीच नाही, केळीची कापणी उरकू दे म्हणे. मग ऑपरेशन झालं, डावं ब्रेस्ट काढलं, रिपोर्टमध्ये हर-टू पॉझिटिव्ह (ब्रेस्ट कॅन्सरचा एक प्रकार) आलं आणि काखेतल्या दोन गाठींतही निघालं. लाल औषधाच्या चार केमो झाल्या, आता टॅक्सॉल नावाची दुसरी केमो आणि सोबत हर-टूवरचं इंजेक्शन ट्रास्टुझुमॅब चालू आहे, ते इंजेक्शन वर्षभर आहे. टॅक्सॉल संपलं की रेडिएशन.

तर मुद्दा असा की दर तीन महिन्यांनी २डी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करायला लावतात. त्यात ईएफ, म्हणजे हार्ट किती टक्के रक्त फेकतं तो आकडा, पहिला ६० आला, लाल केमोनंतर ५७, आणि परवाचा ४८. हा तिसरा आम्ही दुसऱ्या सेंटरला केला कारण नेहमीच्या ठिकाणी मशीन बंद होतं. डॉक्टरांनी ट्रास्टुझुमॅबचा या वेळचा डोस थांबवला, हार्टच्या दोन गोळ्या लिहून दिल्या, रॅमिप्रिल आणि कार्वेडिलॉल, आणि चार आठवड्यांनी परत इको. समजावून सांगायला वेळ नव्हता त्यांच्याकडे, बाहेर साठ सत्तर पेशंट, मी समजू शकतो पण घरी येऊन झोप लागली नाही.

मायला दम नाही, पायाला सूज नाही, काही नाही. ती तर पहिल्या इकोपासून एकच विचारते, "गाठ छातीमा से, मंग काळीजना फोटो कसाले?" आणि मामा म्हणतो एका रोगातून काढायचं नि दुसऱ्यात ढकलायचं, हाच यांचा धंदा. इंजेक्शन थांबवलं तर कॅन्सर परत येईल का, चालू ठेवलं तर हार्ट जाईल का, मी दोन्हीकडून अडकलोय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा ना भो.

सरळ_सांगतो

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. केमो म्हणजे विष आहे, हे आता डॉक्टरच कबूल करताय बघा. गव्हांकुराचा रस चालू करा आणि ह्या चक्रातून बाहेर पडा. इको, ईएफ, सगळी बिलं वाढवायची कामं.

प्रोबवाली_धुळे

तापीकाठ, तुम्ही लिहिलंय की तिसरा इको दुसऱ्या सेंटरला केला, मी त्या ओळीवरच थांबले. मी बारा वर्षं इको करते धुळ्यात, डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळे औषधाचं मी बोलणार नाही पण त्या आकड्याचं बोलू शकते.

आधी मामांना सांगा की ईएफ म्हणजे परीक्षेतले मार्क नाहीत. लोक रिपोर्ट घेऊन बाहेर येतात आणि नातेवाईकाला फोनवर सांगतात "शंभरपैकी साठच आला". शंभर कोणाचाच नसतो! डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकलं, तेवढंच ते. बायकांमध्ये ५४ ते ७४ नॉर्मल धरतात. ४८ कमी आहे, पण ४८ म्हणजे अर्धं हार्ट गेलं असं नाही.

आता तो आकडा येतो कसा ते सांगते. पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, जेल लावून प्रोब छातीच्या खाली कडेला. मी चित्र फ्रीज करते आणि ट्रॅकबॉल फिरवत कप्प्याच्या आतल्या कडेवरून रेघ ओढते, एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना, एकदा पूर्ण आवळलेला असताना, मग दुसऱ्या अँगलने परत तेच. मशीन त्या आकाराच्या आडव्या चकत्या पाडून हिशोब करतं, आपल्याकडे केळीचे वेफर पाडतात तसं समजा. कड स्वच्छ दिसली तर रेघ बरोबर, कड धूसर असली तर रेघ हाताच्या अंदाजाने जाते आणि आकडा हलतो. तुमच्या आईचं डावं ब्रेस्ट काढलंय, म्हणजे प्रोब नेमका ऑपरेशनच्या जागेच्या आसपास दाबावा लागतो, तिथं दुखतं, बाई आपोआप अंग चोरते, आणि चित्र अजून खराब होतं. अशा पेशंटला मी दहा मिनिटं जास्त घेते, पण बाहेर रांग असली की सगळीकडे तेवढा वेळ मिळतोच असं नाही.

साध्या २डी इकोत दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या हातांनी मोजलं तर दहाच्या आसपास पॉइंटांचा फरक नुसता मोजण्यातच पडू शकतो, यावर अभ्यास झालेले आहेत, ३डी इकोत हा फरक कमी होतो. म्हणून ५७ चा ४८ खराखुरा उतरलाय की थोडा खरा नि थोडा रेघेचा, ते एका रिपोर्टवरून कळत नाही. याचा अर्थ दुर्लक्ष करा असा घेऊ नका हं, डॉक्टरांनी परत करायला सांगितलंय ते बरोबरच आहे. फक्त आता जो कराल तो पहिल्या दोन वेळच्या ठिकाणी, त्याच मशीनवर आणि जमलं तर त्याच माणसाकडून करा. आणि विचारा की स्ट्रेन म्हणजे जीएलएस काढाल का. त्यात हार्टचा स्नायू लांबीला किती आखडतो ते मोजतात, ईएफ पडायच्या आधी बऱ्याचदा ते पडतं. पहिल्याच्या तुलनेत १५ टक्क्यांपेक्षा जास्त घसरलं तर लक्ष द्यायची गोष्ट. त्या वेळचं बीपी पण रिपोर्टवर लिहून घ्या, बीपी चढलेलं असलं की स्ट्रेन खराब दिसतो.

जाता जाता, आमच्यात हल्ली एआय ईएफ काढणार अशी चर्चा आहे. अमेरिकेत २०२३ साली एक ट्रायल छापून आली, साधारण ३५०० इको, निम्म्यांचा पहिला आकडा एआयचा नि निम्म्यांचा टेक्निशियनचा, आणि तो कोणाचा ते हार्टच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. आमच्या आकड्यांत त्यांनी २७ टक्के वेळा मोठी दुरुस्ती केली, एआयच्या आकड्यांत १७ टक्के. मला वाईट वाटलं वाचून, खोटं कशाला बोलू. पण अंग चोरणाऱ्या बाईला "मावशी, श्वास सोडा, झालंच" असं अजून मलाच म्हणावं लागतं.

गोळ्यांचं_दुकान_अमळनेर

सरळ_सांगतो भाऊ, केमो विषारी आहे हे कोणी लपवलेलंच नाही, किती विषारी ते मोजून ठेवलंय, फरक तिथं आहे. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते आयुष्यभरात एकूण किती गेलं याचा हिशोब ठेवतात. शरीराच्या दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर ५ टक्के लोकांचं हार्ट फेल व्हायचं, ५५० ला २६ टक्के, हे जुन्या ट्रायलींचे आकडे एकत्र करून २००३ ला काढलेलं आहे. चार केमोच्या नेहमीच्या कोर्समध्ये एकूण २४० च जातं. म्हणजे मर्यादेच्या बरंच आत.

ट्रास्टुझुमॅबचं प्रकरण वेगळं. कॅन्सरच्या पेशीवर हर-टू नावाचं जे बटण आहे ते हे इंजेक्शन दाबून बंद करतं, पण तेच बटण हार्टच्या पेशीलाही झीज भरून काढायला लागतं. २००१ च्या मूळ ट्रायलमध्ये लाल औषध आणि हे दोन्ही सोबत दिलं तर २७ टक्के बायकांच्या हार्टवर परिणाम झाला. तेव्हापासून नेहमीच्या कोर्सात आधी लाल संपवतात आणि मग हे चालू करतात, तुमच्या आईचं तसंच केलंय. लाल औषधाने पेशी मरते, ती परत येत नाही. ट्रास्टुझुमॅबने पेशी बहुतेक वेळा नुसती मरगळते, थांबवलं की उठते. मायला सांगा, काळजाचा फोटो त्याच्यासाठी.

आता दोन्हीकडून अडकलोय म्हणता त्याबद्दल. अमेरिकेत सेफ-हार्ट नावाचा छोटा अभ्यास झाला, २०१९ ला आला, ईएफ ४० ते ४९ असलेल्या ३० पेशंटना हार्टच्या गोळ्या देऊन, लक्ष ठेवून, हर-टूची औषधं चालूच ठेवली, त्यातल्या २७ जणांचा कोर्स पूर्ण झाला. ३० म्हणजे फार नाहीत, पण २०२२ ला युरोपच्या हार्टवाल्यांनी कॅन्सर पेशंटच्या हार्टसाठी पहिल्यांदा वेगळ्या गाईडलाईन काढल्या त्यात पण असंच आहे, त्रास काही नसेल आणि ईएफ ४० च्या वर असेल तर गोळ्या देऊन चालू ठेवायचा विचार करता येतो. काही डॉक्टर आधी थांबवून चार आठवडे बघतात, औषधाच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं. दोन्ही रस्ते चालतात, तुमच्या डॉक्टरांनी दुसरा घेतलाय. गोळ्या मात्र चुकवू नका. बीपी कमी वाटलं, उठल्यावर चक्कर आली तर फोन करा, आपल्याकडे मे मध्ये ४५ डिग्रीला पाणी कमी पडलं की रॅमिप्रिलवाल्यांची हमखास पडापडी होते, दरवर्षी पाहतो.

आणि कोणी व्हॉट्सॲपवर "केमोत स्टॅटिन घ्या" (म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी) पाठवलं तर आपल्या मनाने चालू करू नका. लिम्फोमा नावाच्या दुसऱ्या कॅन्सरच्या ३०० पेशंटमध्ये फायदा दिसला होता, २०२३ ची ट्रायल, ईएफ मोठा पडणारे २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. पण त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या, बहुतांश ब्रेस्ट कॅन्सरच्याच बायका असलेल्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नव्हता. तेच औषध होतं, ॲटॉर्वास्टॅटिन ४०.

सरळ_सांगतो

ठीक आहे, तुम्ही दुकानवाले, तुम्ही औषधाचीच बाजू घेणार.

गोळ्यांचं_दुकान_अमळनेर

गव्हांकुराची पावडर पण माझ्याच दुकानात मिळते भाऊ, मार्जिन तिच्यात जास्त आहे.

भुसावळ_जंक्शन

😂 दुकानवाले दादा.

तापीकाठ भाऊ, मी तुमच्या आईच्या जागेवर बसून आलेय म्हणून लिहिते. २०२१, माझं पण डावंच, माझं पण हर-टू. सहाव्या डोसनंतर ईएफ ६१ वरून ४७. मला तर जिना चढताना पण काही होत नव्हतं, मी म्हटलं मशीनच चुकलं असेल. दोन डोस थांबवले, याच दोन गोळ्या, आणि सात आठवड्यांनी ५५. मग परत चालू केलं आणि पूर्ण केलं. तेव्हा मला पण तीच भीती, की डोस चुकले म्हणजे कॅन्सर परत येणार. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की इंग्लंडमध्ये चार हजार बायकांवर सहा महिने विरुद्ध बारा महिने असं करून बघितलं, चार वर्षांनी कॅन्सर न परतता जगणाऱ्या ८९.४ आणि ८९.८ टक्के, आणि हार्टमुळे औषध बंद करावं लागलेल्या ३ आणि ८ टक्के. फ्रान्सवाल्यांच्या तशाच ट्रायलमध्ये मात्र सहा महिने बारा इतकेच चांगले हे सिद्ध झालं नाही, म्हणून अजून वर्षभरच देतात, स्वतःहून कमी करायचं नाही. पण मधे एक दोन डोस पुढे गेले म्हणून जीव टांगणीला लावू नका एवढं मला त्यातून कळलं.

दुसरी गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. डाव्या बाजूचं रेडिएशन, आमच्या घरी त्याला लाईट म्हणतात. हार्ट तिथंच मागे असतं. २०१३ चा एक मोठा अभ्यास आहे स्वीडन डेन्मार्कच्या बायकांचा, हार्टला सरासरी एक ग्रे (लाईटचा डोस मोजायचं माप) जास्त मिळाला की पुढं हार्ट ॲटॅक वगैरेचा धोका ७.४ टक्के वाढतो, आणि इतक्याच्या खाली काहीच नाही अशी सेफ लाईन सापडली नाही. त्या बायकांना लाईट दिलेली जुन्या काळातली, आता डोस खूप कमी बसतो, तरी विचारा की श्वास रोखून करता का. छातीत हवा भरून धरली की फुप्फुस फुगतं आणि हार्ट छातीच्या भिंतीपासून मागं सरकतं, तेवढ्या वेळातच मशीन चालू. मी घरी कुकर लावल्यावर ओट्यापाशी उभी राहून सराव करायचे, सुरुवातीला बारा मोजेपर्यंत, पंधरा दिवसांत पंचवीसपर्यंत गेले. मशीनवर पहिल्या दिवशी घाबरून सगळं विसरले ते वेगळं. तुमच्याकडे ही सोय नसेल तर कुठं आहे ते आत्ताच विचारून ठेवा, प्लॅनिंग सीटीच्या, म्हणजे लाईटची आखणी करायच्या स्कॅनच्या आधी, नंतर उपयोग नाही.

आणि मामांना एकदा इको रूममध्ये नेऊन बसवा. माझ्या जेठांचं तोंड तिथंच बंद झालं, पडद्यावर ती झडप फडफडताना बघून.

तापीकाठ_चोपडा

काय लिहू, सगळ्यांचे उपकार. मायला वाचून दाखवलं, ती वेफरवर हसली. तिला म्हटलं इंजेक्शननं काळीज दमतं, फोटोत ते दिसतं, तर म्हणे मंग आधी काबर नही सांगं. प्रोबवाली ताई, आधीच्या सेंटरलाच नंबर लावला. कुकरचा सराव कालपासून चालू, सध्या नऊ.

तापीकाठ_चोपडा

अपडेट. पाच आठवड्यांनी इको झाला, पहिल्याच मशीनवर, त्याच मॅडमनी केला. ईएफ ५३. स्ट्रेन पण काढला पण पहिल्या वेळचा नसल्याने तुलना करता आली नाही, म्हणाल्या आता हाच बेस धरू. ४८ ची सीडी पण त्यांना दाखवली, त्या म्हणाल्या कड नीट दिसत नाहीये, ५० पण असेल, ४६ पण असेल. डॉक्टरांनी मंगळवारपासून इंजेक्शन परत चालू केलं, गोळ्या तशाच, पुढचा इको सहा आठवड्यांनी. रेडिएशनला श्वासाची सोय इथं नाही, नाशिकला चौकशी चालू आहे. मामा आला होता सोबत, काही बोलला नाही, परत येताना गाडीत विचारत होता की माझा पण एकदा काढून घ्यायचा का.

प्रोबवाली_धुळे

५३ छान. पुढच्या वेळी सगळ्या सीडी एका पिशवीत घालून न्या, नुसता कागद नको. सकाळी अकराच्या आत नंबर लावा आणि मावशींना पुढून उघडणारा ब्लाऊज घालायला सांगा.