उत्तर: राज्याचं प्रमाणपत्र परत घेता येत नाही?

वर कुणीतरी लिहिलंय की राज्य सरकारनं एकदा इसेन्शिअ‍ॅलिटी सर्टिफिकेट (इथं नव्या मेडिकल कॉलेजची गरज आहे, असं राज्याचं प्रमाणपत्र) दिलं की ते परत घेता येत नाही. हे अर्धंच खरं आहे. २०१८ च्या चिंतपूर्णी मेडिकल कॉलेजच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सर्वसाधारणपणे तसं म्हटलं होतं खरं, पण २०२० मध्ये जबलपूरच्या सुखसागर कॉलेजच्या प्रकरणात त्याच कोर्टानं आणखी एक अपवाद मान्य केला. कॉलेज वर्षानुवर्षं त्रुटी भरून काढत नसेल तर राज्य प्रमाणपत्र काढून घेऊ शकतं. आणि तिथल्या मुलांना दुसऱ्या कॉलेजांत सामावून घ्यायलाही सांगितलं. मला तरी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण माझी भाची अशाच एका नव्या खासगी कॉलेजात होती. तिच्यानंतरच्या बॅचला परवानगी नाकारली, संस्था कोर्टात गेली, आणि आम्ही साताऱ्यात रोज तारखेची वाट बघत बसायचो. वॉर्डात पेशंटच नाहीत, शिकायचं कशावर, असं ती रडत सांगायची. आपल्या ओळखीतलं कुणी नव्या कॉलेजात प्रवेश घेणार असेल, तर फी भरण्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी तिथली ओपीडी स्वतः बघून या. परवानगीसाठीच्या तपासणीच्या दिवशीची गर्दी बघून ठरवू नका.