‘धडधाकट माणसानं दवाखान्यात कशाला जायचं?’ म्हणणाऱ्या साहेबांना

वडगावचा मागवाला: काल इथं एकानं लिहिलं, ‘तिशीनंतर दरवर्षी बीपी-शुगर तपासा, हे डॉक्टर लोकांचं गिऱ्हाईक जमवायचं खूळ. आमचे आजोबा ९२ वर्षं जगले, दवाखान्याची पायरी चढले नाहीत.’ खाली लाईकचा पाऊस. रात्री डोळा लागला नाही म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ पन्नाशीत कापडाच्या मागापाशी उभ्या उभ्या कलंडला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात बीपीचा पट्टा बांधला तर २१०/१२०. त्याआधी कधी डोकं दुखलं नाही, चक्कर नाही. १४०/९० च्या वर गेलेलं बीपी सांगून येत नाही, हीच तर भानगड. आणि हा पट्टा आरोग्य केंद्रात फुकट बांधतात. आजोबा ९२ जगले, आनंद आहे. त्यांच्या जोडीचे किती जण साठीच्या आत ‘एकाएकी’ गेले, तेही आजीला विचारा की.

खानापूर रोड: साहेब मीच. भावाचं वाईट वाटलं, पण माझंही ऐका. बायकोनं ऑफर बघून पॅकेज घेतलं, १,४९९ रुपयांत ७२ तपासण्या. गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली, ६ मिलिमीटर. मग सोनोग्राफी, सुई, परत सोनोग्राफी. पाच महिने आणि चाळीस हजार घालवल्यावर डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, लक्ष ठेवा.’ ती अजून रोज आरशासमोर गळा चाचपते. दक्षिण कोरियात असंच गळे तपासत सुटले. १९९३ ते २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचे पेशंट १५ पट झाले, मरणाऱ्यांचा आकडा होता तिथंच. जगभरचे वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेनं २०१९ मध्ये अडीच लाख माणसांवरचे अभ्यास एकत्र मांडले. सरसकट चेकअपनं मृत्यू कमी झाले नाहीत. आता बोला.

निपाणीची लेक: दादा, हॉटेलच्या बिलाचा राग घरच्या भाकरीवर काढताय. ७२ तपासण्यांचं पॅकेज वेगळं, चार नेमक्या तपासण्या वेगळ्या. कोरिया कशाला, उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला बघा. तिथल्या खेड्यांत बायकांची एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत तर साध्या व्हिनेगरनं तपासून ३१ टक्के कमी झाले, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या बायका होत्या.

आता आमच्या घरचं. आई तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते, दिवसातून चारदा लावते. आशाताईंनी कुणाला आजाराचा धोका जास्त ते गुणांनी मोजायचा फॉर्म भरताना विचारलं, ‘तंबाखू खाता?’ आई म्हणाली, ‘छ्या! आमच्यात कुणी खात नाही.’ तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं! रोजच्या तंबाखूला त्या फॉर्मवर २ गुण आहेत. ते गेले आणि बेरीज चारच भरली. ४ च्या वर गेलं तर तपासणीला आधी बोलावतात. मी नेमकी माहेरी होते म्हणून बोलले. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, गालाच्या आत पांढरा चट्टा. अजून कॅन्सर नाही. ‘अजून.’

सीमावासी ५६: चूक आईची नव्हे. फॉर्म कानडीत, मेसेज कानडीत, भिंतीवरचा बोर्ड कानडीत. १५ टक्के अल्पभाषिक असतील तिथं सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हा नियम कुठल्या कपाटात ठेवलाय? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांना फुले जनआरोग्य योजना देतो म्हटलं, तर इथं कर्नाटकात केवढा थयथयाट! आधी भाषा द्या, मग बीपी मोजा.

चिकोडीकर: झालं, आला सीमाप्रश्न. सर्दी झाली तरी महाजन अहवालच काढणार तुम्ही.

सीमावासी ५६: तुझी पोरं कुठल्या माध्यमात आहेत ते सांग आधी. आमच्या आजीला कानडी चिठ्ठी देऊन हाकललं, ती तीन दिवस उपाशीपोटीच्या रक्ताला नुसतीच हेलपाटे घालत होती. उपाशी यायचं हे तिला कुणी सांगितलंच नाही.

चिकोडीकर: पोरं इंग्लिश मीडियमला. तुझी?

सीमावासी ५६: विषय बदलू नको.

निपाणीची लेक: भाऊ, आमच्या आशाताई मराठीच बोलल्या. ‘तंबाखू’ हा शब्दच आईला लागू पडला नाही. ‘मिश्री लावता का’ विचारायला हवं होतं. मात्र पुढच्या तारखेचा कागद कानडीत होता, हे खरं. आईनं तो रेशनचा समजून तांदळाच्या डब्यात ठेवला. तेवढं तुमचं मान्य. तेवढंच!

आशा, हुक्केरी तालुका: मीच ते फॉर्म भरते. एका फॉर्ममागं १० रुपये, तेही कधी येतील तेव्हा. बायकांना म्हणते चला तपासायला, तर म्हणतात शेंगा काढायच्या आहेत. आणि बीपी निघाल्यावर गोळ्या संपलेल्या असल्या की शिव्या मलाच. भांडा तुम्ही आरामात.

वडगावचा मागवाला: ताई, हे मला मान्य. भावाच्या गोळ्या चार महिने मिळाल्या, पाचव्याला ‘बाहेरून घ्या’. त्यानं सोडल्या नाहीत, कारण आता मी डबी मोजतो.

खानापूर रोड: बरं बरं. पट्ट्याला माझा विरोध नव्हताच.

वडगावचा मागवाला: कालची पोस्ट अजून आहे हां वर. ‘खूळ’ लिहिलंय.

खानापूर रोड: घ्या, खोडली. सोमवारी जातो पट्टा बांधायला. नॉर्मल निघालं तर फोटो इथंच टाकणार, आजोबांच्या फोटोशेजारी.

चिकोडीकर: आणि नाही निघालं तर?

सीमावासी ५६: तर चिठ्ठी माझ्याकडं आण, वाचून दाखवतो. कानडी येतं मला.