मदत हवी आहे: 'पापा मेलाँड' म्हणून घेतलेला हा गुलाब नक्की कोण?

नमस्कार मंडळी,

राहायला कोल्हापूर, राजारामपुरी. तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून गडद लाल गुलाबाचं कलम आणलं. पिशवीवरच्या चिठ्ठीत 'पापा मिलन' असं लिहिलेलं. पत्रिकेतलं नाव वाटावं असं! घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, हा पापा मेलाँड. फ्रान्समधल्या मेयाँ (म्हणजे आपण म्हणतो ते मेलाँड) घराण्यानं 1963 साली आणलेला आणि घरातल्या आजोबांचं नाव दिलेला.

घोळ पुढे आहे. जिथं वाचावं तिथं लिहिलंय की पापा वासाला राजा, पण प्रकृतीनं नाजूक. भुरी (पानावरची पांढरी बुरशी) आणि काळे ठिपके लगेच धरतो. आमचा गडी मात्र तालमीतला. दसऱ्यानंतर गुडघ्याएवढा छाटला तरी संक्रांतीला माझ्या डोक्यावर गेलेला असतो. दांडे लांबलचक, सरळ. जुलैच्या झडीत ठिपके पडून खालची पानं गळतात, तेवढंच काय ते दुखणं. वासाचं म्हणाल तर शेजारच्या काकू दर शुक्रवारी अंबाबाईला एक फूल नेतात, म्हणतात रिक्षावालासुद्धा मागं वळून विचारतो.

फूलवाला म्हणाला ग्लॅडिएटर असेल. मला पटत नाही, त्याचा लाल गुलाबीकडे झुकतो. मग हा कोण? प्रदर्शनात ठेवायचा विचार आहे आणि चुकीच्या नावाची चिठ्ठी लावायची लाज वाटते.

प्रतिसाद १
दादा, मला तरी हा मिस्टर लिंकन वाटतोय. नर्सरीवाल्याला फार बोल लावू नका, दोघं सख्खे भाऊ आहेत. आई क्रायस्लर इम्पीरियल, बाप चार्ल्स मॅलेरिन, दोन्ही गुलाबाच्याच जाती. हाच संकर फ्रान्समध्ये झाला तेव्हा पापा निघाला आणि अमेरिकेत स्विम आणि वीक्स या जोडीनं केला तेव्हा 1964 साली मिस्टर लिंकन. त्याच जोडीचा, त्याच आईबापाचा तिसरा भाऊ ओक्लाहोमा. एकाच आईबापाची पोरं, पण प्रत्येक बी वेगळं निघतं ना.

वास आजोळचा म्हणायचा. क्रायस्लर इम्पीरियल ही लॅमर्ट्स यांनी 1952 साली आणलेली जात, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी जर्मनीचा क्रिमसन ग्लोरी (कोर्डेस यांनी 1935 साली आणलेला गुलाब) येतो. जुन्या बागवाल्यांना विचारा, त्याच्या वासाबद्दल बोलायला लागले की चहा गार होतो. फक्त मान लेची, फूल खाली बघायचं.

ओळखायचं कसं? पापाची कळी जवळजवळ काळी, पाकळी मखमली, वर शिरा उठून दिसतात. लिंकनचा लाल जरा मोकळा, पूर्ण उमलला की वाटीसारखा होऊन मधले पिवळे केसर दाखवतो. ओक्लाहोमा उन्हात जांभळट पडतो. आणि पापा एवढा उंच जात नाही हो, माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही कुरकुरे.

एक बघा: डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालून फुटवा येतोय का? तो खुंटाचा, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलंय त्याचा असतो. खालून ओढूनच काढा, नुसता कापला तर परत येतो.

धागाकर्ता
खुंटाचा फुटवा नाही, आत्ताच वाकून बघितलं. शिराबिरा काही दिसल्या नाहीत, पण केसर दिसतात हे नक्की, काकूंच्या पदराला पिवळं लागलं म्हणून तक्रार झाली होती! पूर्ण उमललेल्या फुलाचा फोटो टाकतो, पण उद्या. आज शुक्रवार, होतं ते एकच फूल काकू सकाळीच घेऊन गेल्या.