'शहर में दंगा हो गया': मुलांच्या चित्रपुस्तकात दंगा, दंगल की अशांतता?

अनुवादक:
सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीच्या एका हिंदी चित्रपुस्तकाचा मराठी अनुवाद चालू आहे. 32 पानं, पानावर दोन-तीन ओळी. शहरात तणाव होतो, शाळा बंद पडते, एका मुलीची शेजारची मैत्रीण घर सोडून जाते. तीन ठिकाणी अडलंय.
१) 'शहर में दंगा हो गया.'
२) एका जोडपानावर रिकामा रस्ता, ओढलेली शटरं, मधोमध एकच चप्पल. मजकूर: 'शहर अशांत था.'
३) शेवटी शिक्षकांसाठी टिपण आहे. तिथे सहानुभूती लिहावं की समानुभूती (दुसऱ्याला कसं वाटतंय ते जाणणं, इंग्रजीत 'एम्पथी')?

कोशवाचक:
पहिल्या वाक्यात 'दंगा' अजिबात ठेवू नका. हिंदीत दंगा म्हणजे जाळपोळ, दगडफेक. मराठी मूल मात्र हा शब्द रोज ऐकतं तो 'वर्गात दंगा करू नका' असा. त्याच्या लेखी दंगा म्हणजे बाकावर चढणं, ओरडणं, खडू फेकणं. दंगामस्ती हा तर आनंदाचा शब्द. 'शहरात दंगा झाला' वाचून ते हसेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

'दंगल' जवळचा आहे. कुस्त्यांची दंगल हा अर्थही चालू आहे, पण चित्र सोबत असल्याने तो गोंधळ टिकत नाही. खरी अडचण पुढच्या क्रियापदाची. दंगल उसळते, भडकते, पेटते, ही सगळी वर्तमानपत्री क्रियापदं. यांत करणारा कोणीच नसतो. जणू पूर आला, वणवा लागला. मुलाला वाटतं, हे आपोआप होतं आणि कधीही होईल. त्यापेक्षा काय घडलं तेच सांगा: 'काही माणसांनी दगड मारले. दोन दुकानं जाळली.' यातला 'काही' गाळू नका. नुसतं 'त्यांनी' म्हटलं की मूल लगेच विचारतं, 'ते म्हणजे कोण?' आणि उत्तर चित्रातल्या टोपीत, टिळ्यात, नावात शोधू लागतं.

पहिलीच्या बाई:
दुसरी जागा मला जास्त अवघड वाटते. शाळेत 'शांत बसा' दिवसातून वीसदा तरी म्हटलं जातं. त्यामुळे मुलांसाठी शांत म्हणजे आवाज नसलेलं, आणि अशांत म्हणजे गोंगाट. आता तुमचं चित्र बघा: रस्त्यावर चिटपाखरू नाही. मूल म्हणणार, 'हे तर शांत आहे!' चित्र एक सांगतं, मजकूर दुसरं, आणि या वयात मूल चित्रावर विश्वास ठेवतं.

'शुकशुकाट' घ्या. त्यात रिकामेपणही आहे आणि काहीतरी चुकलंय ही जाणीवही. 'सामसूम' चालेल, पण ती रात्री रोजचीच असते. 'तणावपूर्ण शांतता' बातमीची भाषा, मुलांसाठी निरुपयोगी. एक वाक्य सुचवते: 'भर दुपारी रस्त्यावर शुकशुकाट होता.' 'भर दुपारी' मुद्दाम. या वेळी माणसं असायला हवी होती, हे त्यातून आपसूक कळतं.

अनुवादक:
फार उपयोगी. पुढच्याच पानावर मूळात 'कर्फ़्यू' आहे. संचारबंदी करावं ना? चित्रात मुलीचे बाबा आणि शेजारी दुधाच्या दुकानापाशी उभे आहेत.

कोशवाचक:
मग आधी चित्र तपासा. संचारबंदीत घराबाहेरच पडता येत नाही. जमावबंदीत बाहेर पडता येतं, पण पाच किंवा अधिक जणांनी एकत्र जमायचं नसतं. (लोक अजून 'कलम 144' म्हणतात, 1 जुलै 2024 पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 मध्ये आहे.) दोघं दूध आणताहेत, तर एकतर जमावबंदी लिहा, नाहीतर 'संचारबंदी दोन तास उठवली होती' अशी ओळ घाला. दुसरा पर्याय कथेला बरा: दोन तासांत दूध, भाजी, औषधं आणायची, ही घाई मुलांना नेमकी कळते.

ओघात आणखी एक: मूळात कुठे 'जुलूस' किंवा 'हड़ताल' असेल तर त्याला दंगलीच्या पोत्यात घालू नका. मोर्चा, धरणं, संप, निदर्शनं, उपोषण हे मागणी मांडायचे मार्ग आहेत. 'गडबड झाली' असं सगळ्यांचं एकच भाषांतर केलं, तर मोर्चा म्हणजे मारामारी हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं आणि मग निघत नाही.

मानसशास्त्राची वाचक:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. 'सहानुभूती'ची फोड सह + अनुभूती, म्हणजे मुळात अर्थ उत्तम होता. पण 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' असे अर्ज आणि निवडणुकीतली 'सहानुभूतीची लाट' यांनी तो शब्द वरून खाली बघणारा करून टाकला. शिक्षणक्षेत्रात 'समानुभूती' रुळलाय. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात मांडलेल्या दहा जीवनकौशल्यांच्या मराठी यादीत तोच आहे. शिक्षकांच्या टिपणात तोच ठेवा.

या कल्पनेचा उगमच बघण्यातला आहे. जर्मन तत्त्वज्ञ रॉबर्ट फिशर यांनी 1873 मध्ये 'आइनफ्युलुंग' ही जर्मन संज्ञा कलाकृती आणि आकार पाहताना आपण त्यांत भावनेने शिरतो, यासाठी वापरली. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी 1909 मध्ये तिच्यासाठी इंग्रजीत 'एम्पथी' हा शब्द घडवला. चित्रपुस्तकाला ही संकल्पना शोभते ती अशी.

मुलांपुढे मात्र दोन्ही शब्द नकोत. त्यांच्याशी बोलताना गाठ पडते 'वाटणे' या क्रियापदाशी, आणि ते दुहेरी आहे. 'तिला काय वाटतंय?' विचारलं की मत येतं: 'तिला वाटतंय की बाबा येतील.' 'तिला कसं वाटतंय?' विचारलं की भावना येते, पण बहुधा एकच: 'वाईट.' मराठीत वाईट वाटण्यात दुःख, पश्चात्ताप, अपमान, कीव सगळं मावतं. म्हणून वाचनाआधी चार-पाच शब्द चेहऱ्यांच्या चित्रांसकट द्या: भेदरणं, बावरणं, हिरमुसणं, धुसफुसणं, जीव टांगणीला लागणं. एका बैठकीत पाचाच्या वर नको. मग मुलं शब्द पाठ करतात, चेहरा बघत नाहीत.

आणि 'तू तिच्या जागी असतीस तर?' हा प्रश्न टाळा. 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसऱ्याला कसं वाटत असेल याची कल्पना करणाऱ्यांत समानुभूती जागते. स्वतःला त्या जागी ठेवणाऱ्यांत तिच्या जोडीने स्वतःची अस्वस्थताही वाढते. तो अभ्यास मोठ्यांवरचा आहे, तरी प्रश्न बेतताना हा फरक धरून चालावं. ज्या मुलाने असं काही खरंच पाहिलंय, त्याला तर त्या जागी पुन्हा उभं करू नये.

वाचनालय:
टिपणात वाचायची रीतही द्या, नाहीतर चांगले शब्द वाया जातात. सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त नको. मागच्याला चप्पल दिसलीच नाही तर ते पान त्याच्यापुरतं संपलं. पहिल्या फेरीत मजकुरावर कागदाची पट्टी लावा आणि फक्त चित्रं दाखवा. प्रत्येक जोडपानावर मनात दहा आकडे मोजून थांबा. आपणच गप्प राहू शकत नाही, घाईने 'बघा, किती घाबरलीये' म्हणून मोकळे होतो. मग मुलं तेच परत करतात. प्रश्न दोनच: 'काय दिसतंय?' आणि 'कशावरून?' दुसरा महत्त्वाचा. 'ती घाबरलीये', 'कशावरून?', 'तिने फ्रॉक मुठीत धरलाय.' इथे मूल खरोखर दुसऱ्याकडे बघायला लागतं.

दुसऱ्या फेरीत मजकुरासकट, मध्ये न थांबता शेवटापर्यंत. तास संपला म्हणून जळालेल्या दुकानाच्या पानावर पुस्तक मिटवू नका. ते चित्र मूल घरी घेऊन जातं. दोन्ही फेऱ्यांना मिळून अर्धा तास लागतो, तेवढा नसेल तर त्या दिवशी सुरूच करू नका. शेवटी तात्पर्य विचारू नका. कागद आणि खडू द्या, काळा आणि लाल जास्तीचे ठेवा. काय काढलं ते सांगायची सक्ती नाही.

गावात नुकतंच काही घडलं असेल तर पुस्तक महिनाभर कपाटात राहू दे.

कोशवाचक:
शुद्धलेखन: समानुभूती, पण समासात ऱ्हस्व, 'समानुभूतिपूर्ण'. टिपणात पालकांसाठी ओळ हवी असेल तर 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही म्हण आहेच. त्यांना ती संज्ञेपेक्षा लवकर पोचेल.

अनुवादक:
सगळ्यांचे आभार. सध्या असं केलंय:
'काही माणसांनी दगड मारले. दोन दुकानं जाळली. शाळेला सुट्टी मिळाली. / भर दुपारी रस्त्यावर शुकशुकाट होता.'

पहिलीच्या बाई:
'सुट्टी मिळाली' काढा, सुट्टी मिळते तेव्हा मुलं उड्या मारतात. 'शाळा उघडलीच नाही' करा.